झोपाळ्याच्या कड्या

चित्रकलेशी आमचा संबंध आजवर भिंतीपुरताच होता. भिंतीवर खिळा ठोकावा, त्याला चित्र अडकवावे, ते सरळ आहे की तिरके हे चार पावले मागे जाऊन पाहावे आणि दिवाळी जवळ आली की त्यावरची धूळ झटकावी, एवढीच काय ती कलासेवा आमच्या हातून घडली. आमच्या बैठकीच्या खोलीत वडिलांनी लावलेली लक्ष्मी आणि सरस्वती ही दोन चित्रे रविवर्म्याच्या छापखान्यातली. लहानपणी आम्ही त्यांना चित्रे समजतच नसू. त्या घरातल्याच दोन वडीलधाऱ्या बायका आहेत अशी आमची समजूत होती आणि परीक्षेला जाताना आईच्या पाया पडून झाले की त्यांच्याही पाया पडत असू.

बडोद्यात जन्मलेल्या मराठी माणसाने असा कबुलीजबाब द्यावा ही खरे तर लाजेची गोष्ट आहे. १८८१ साली सयाजीराव महाराजांना राज्याधिकार मिळाले, त्या समारंभाच्या निमित्ताने रविवर्मा या गावी आला. पुढे १८८८ मध्ये महाराजांनी त्याला पुराणातील प्रसंगांवर चौदा चित्रे काढावयास सांगितली. त्याच्या दमयंती आणि सुभद्रा नऊवारी नेसून हिंदुस्थानभर गेल्या, त्यात या गावाच्या चित्रांचाही वाटा आहे. नंदलाल बोस यांनी १९३९ पासून पुढे काही वर्षे येथे येऊन कीर्तिमंदिराच्या भिंती रंगविल्या. गंगावतरण आणि कुरुक्षेत्राबरोबर त्या भिंतींवर मीराबाई आहे आणि ‘नटीर पूजा’तली नर्तकीही आहे. १९५० साली येथे ललितकलांची विद्याशाखा निघाली आणि तेथील चित्रकला विभागाची घडी आपल्या इंदूरच्या नारायण श्रीधर बेंद्रे यांनी बसविली. हे सारे आमच्या अवतीभवती होते. बँकेत जाता-येता चौतीस वर्षे त्या विद्याशाखेच्या कुंपणावरून आमची सायकल गेली, पण फाटकाच्या आत पाऊल टाकावे असे एकदाही वाटले नाही. शेवटी ते पाऊल टाकावे लागले ते आमच्या नातीमुळे.

ही आमची थोरली नात. वय वर्षे तेवीस. ती चित्रकला शिकते, आणि चित्रे काढते ती फक्त बायकांची. प्रथम आम्हांस याचे बरे वाटले. रविवर्म्याच्या गावातली मुलगी स्त्रीचित्रे काढते म्हणजे परंपरा पुढे चालली, असे आम्ही चार लोकांत सांगूनही टाकले. मग एके दिवशी तिने आम्हांला वर्गात नेऊन दोन चित्रे दाखविली आणि आमची परंपरा जागच्या जागी थांबली.

पहिले चित्र आमच्या दारावर भाजी घेऊन येणाऱ्या बाईचे होते. चेहरा हुबेहूब. टाचांच्या भेगा, हातावरचे गोंदण, नाकातल्या चमकीशेजारची सुरकुती, सारे जिथल्या तिथे. परंतु तिच्या डोक्यावरच्या टोपलीत भाजी नव्हती, नदी होती. वाळवंट, पाणी आणि काठावरचा एक बांध यांसकट वाहती नदी. दुसरे चित्र ब्लाउज शिवून देणाऱ्या एका शेजारणीचे. ती शिवणयंत्रावर वाकली आहे, पायाखाली पायटा आहे, बोटात टोपण आहे. मात्र सुईखाली सरकणारे कापड म्हणजे तिच्याच अंगावरच्या साडीचा पदर आहे आणि तो अर्धाअधिक संपत आला आहे.

आम्ही चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि विचारले, “बाई गं, एवढं सुरेख काढून मग हे असं का बिघडवलंस?”

ती हसली. आमची नात रागावत नाही, समजावून सांगते. त्यामुळे आमची पंचाईत अधिक होते. तिने सांगितले ते आम्हांस जसे कळले तसे येथे देतो. १९२४ साली पॅरिसमध्ये काही कवी-चित्रकारांनी जाहीरनामा काढला आणि अतिवास्तववाद नावाचा पंथ सुरू झाला. जागेपणी मनावर जो पहारा असतो तो उठवावा, स्वप्नात वस्तू जशा भलत्या जागी भेटतात तशा त्या चित्रात भेटवाव्यात, असा त्यांचा खटाटोप. त्यांच्यापैकी बेल्जियमचा माग्रीत हा तिच्या आवडीचा, कारण तो अशक्य गोष्ट अगदी साध्या, पाटी रंगवावी तशा स्वच्छ हाताने रंगवी. १९२८ साली त्याने एका प्रेमी युगुलाचे चित्र काढले. त्यात दोघांची तोंडे कापडाने झाकलेली आहेत आणि त्या कापडाच्या चुण्या मात्र अगदी खऱ्या आहेत.

“पण आजोबा,” ती म्हणाली, “या लोकांच्या चित्रातली बाई बहुधा त्यांच्याच स्वप्नातली असायची. तिला स्वतःला कसली स्वप्नं पडतात, ते फारसं कोणी विचारलं नाही.”

मग तिने मेक्सिकोच्या फ्रीडा कालोचे नाव घेतले. १९३९ साली, नवऱ्यापासून वेगळे होण्याच्या दिवसांत, या बाईने स्वतःचीच दोन रूपे एका बाकावर शेजारी शेजारी बसविली. एकीच्या अंगावर युरोपी झगा, दुसरीच्या अंगावर तिच्या मुलखातला पोशाख. दोघींची हृदये उघडी आणि त्यांना जोडणारी एकच रक्तवाहिनी. पंथाच्या पुढाऱ्यांनी तिला आपल्यात ओढले, पण आपण स्वप्ने रंगवीत नाही, आपल्यावर जे गुदरले तेच रंगवितो, असे तिचे म्हणणे होते. आपल्याकडे कलकत्त्याच्या बिकाश भट्टाचार्य यांनी तर साध्या घरातल्या बाईच्या कपाळावर तिसरा डोळा काढला. बाकी चेहरा असा की ही बाई काल ट्राममध्ये आपल्या शेजारी बसली होती असे वाटावे.

आम्ही हार मानणारे नव्हतो. आम्ही सावंतवाडीच्या हळदणकरांचे नाव काढले. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात त्यांचे जलरंगातले चित्र आहे. हातात दिवा घेतलेली स्त्री, ज्योतीवर आडोशाला धरलेला तळवा आणि बोटांच्या फटींतून लालसर झालेला उजेड. चित्रासाठी त्यांनी आपल्या मुलीलाच उभे केले होते. “यात कुठे नदी आहे? कुठे तिसरा डोळा आहे? तरी माणसं त्याच्यापुढून हलत नाहीत!”

“नाहीच हलत,” नात म्हणाली. “ती बोटं तशी रंगवता यावीत म्हणून तर मी पाच वर्षं हात घासते आहे. ते आल्याशिवाय पुढचं करायचा मला अधिकारच नाही.”

तिची रीत तिने सांगितली ती अशी. एका चित्रात अशक्य गोष्ट एकच, बाकी सारे खरे. त्या अशक्य वस्तूची सावलीसुद्धा खऱ्या वस्तूसारखीच, खिडकी ज्या बाजूला असेल त्याच्या उलट दिशेला पडली पाहिजे. फोटोवरून काढायचे नाही. बाईने समोर बसायचे आणि बसल्या बसल्या बोलायचे. आधी चेहरा आणि हात पुरे करायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती अशक्य गोष्ट चित्रकाराने आपल्या डोक्यातून काढायची नाही, ती त्या बाईच्या तोंडून आलेली असली पाहिजे. भाजीवालीचे शेत महीच्या काठी होते, ते पुरात गेले. ‘शेत नदीत गेलं, तेच मी रोज डोक्यावर घेऊन येते’, असे ती आपल्या गुजरातीत सहज बोलून गेली होती. शेजारीण म्हणाली होती, ‘जगाचं शिवते आणि माझंच उसवतं’. नातीने ती वाक्ये तेवढी खरी मानली.

आम्ही मान डोलावली. दुसऱ्याच्या घरातली वाक्ये खरी मानावयास आमची काहीच हरकत नव्हती.

त्यानंतर तिने अक्काचे चित्र काढावयास घेतले.

अक्का ही आमची थोरली बहीण, नातीची आत्याआजी. १९६२ साली तिचे लग्न झाले, १९६६ साली ती कपाळ पुसून परत आली आणि तेव्हापासून दांडिया बाजारातल्या या घरात आहे. आज तिला ऐंशी उलटून गेली. माजघरातला झोपाळा ही तिची जागा. तांदूळ निवडावेत तेथे, वाती वळाव्यात तेथे, दुपारी पडावेही तेथेच. पितळी कड्यांचा तो झोपाळा आजोबांच्या वेळचा. या गुजरातच्या भूमीने आपल्या मराठी घरांना जी सुखे दिली त्यांतले हे एक. झोपाळ्याची कुरकुर ऐकू आली की घरात सर्व ठीक आहे असे आम्ही धरून चालत असू.

“माझं मेलीचं काय चित्र काढायचं?” अक्का म्हणाली. “तोंडात चार दात नाहीत.” परंतु दुसऱ्या दिवशी दुपारी ती धुतलेले पातळ नेसून, केस चापूनचोपून झोपाळ्यावर बसली होती. चौकातल्या खिडकीतून डावीकडून उजेड येई. नात समोर घोडी मांडून बसे. जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास माजघरात कोंदून राही. पहिला थर हिरवट राखाडी. तो पाहून आम्ही घाबरलो, पण त्यावरच पुढे कातडीचा रंग जिवंत होतो असे कळले. आधीच्या थरात तेल कमी आणि नंतरच्या थरांत अधिक, हा तैलरंगाचा नियम. उलट केले तर वरचा थर आधी वाळतो आणि खालचा हलला की त्याला तडे जातात. आम्ही हे सारे मोठ्या कौतुकाने ऐकून घेतले. फक्त एक गोष्ट खटके. आम्ही माजघरात पाऊल टाकले की दोघींचे बोलणे थांबे.

महिनाभराने चित्र पुरे झाले. नातीने ते बैठकीच्या खोलीत, लक्ष्मी-सरस्वतीच्या समोर टेकवून ठेवले आणि आम्हांला हाक मारली.

अक्का होती. तिचे वाकलेले बोट, पातळाचा विटका काठ, कानामागची पांढरी बट, मांडीवरचे तांदळाचे ताट. आमच्या तोंडून “वा!” निघाले. मग नजर कड्यांवरून वर गेली. चार पितळी कड्या, प्रत्येक गाठ चकाकणारी, सरळ वर गेल्या होत्या आणि वर काही नव्हते. तुळई नाही, पाटई नाही. आभाळ होते. आणि झोपाळ्याखाली जमीनही नव्हती. खूप खाली गावाची कौले, मांडवी आणि सूरसागराचे पाणी दिसत होते. अक्काचा डावा पाय रोजच्यासारखा जमिनीला रेटा देण्यासाठी पुढे झाला होता.

आम्ही संतापलो. आमच्या संतापाला शब्द सापडेनात, म्हणून नेहमीचेच वाक्य निघाले, “लोक काय म्हणतील? हिला घरात आधार नाही म्हणतील!”

नात शांतपणे म्हणाली, “आजोबा, ते माझं नाही. आत्याआजी म्हणाली होती, झोपाळ्यावर बसले की वाटतं, या कड्या वर कुठं अडकवलेल्याच नाहीत.”

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. वाचकहो, वयाच्या पंचाहत्तरीत झोप न लागणे यात नवल नाही. परंतु त्या रात्री ती का लागत नाही हे आम्हांला ठाऊक होते. विधवा होऊन आल्यावर अक्का घरी अभ्यास करून शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाली होती. मग शिक्षिकांच्या प्रशिक्षणासाठी तिला प्रवेश मिळाला. त्याच वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला. अक्का गेली नाही. आईचे तिने चार वर्षे केले आणि आम्ही कॉलेजात जाऊन पदवीधर झालो. यात आमचा दोष काय, असे आम्ही अंधारात स्वतःस विचारले, आणि त्यावर उत्तर आले नाही. आठवला तो एक कागद.

वडील १९७९ साली गेले. घर त्यांच्या स्वकष्टार्जित पैशांचे; मृत्युपत्र नव्हते. कायद्याने अक्काचा वाटा आमच्याएवढाच. परंतु ‘नावावर एकच माणूस असलेलं बरं, कचेरीत हेलपाटे कमी’, असे कोणी सुचविले आणि आम्हांलाही ते सोयीचे वाटले. येथे ज्याला ‘हक्क कमी’ म्हणतात तो कागद झाला. अक्काने विचारले होते, “कुठं करू सही?” आम्ही बोट ठेवले. तिने वाचला नाही. आम्हीही वाचून दाखविला नाही.

सकाळी चहा घेऊन आम्ही झोपाळ्यापाशी गेलो. “अक्का, तुला इथं काही कमी पडलं का गं?”

“छे रे. तू मला कधी काही कमी केलं नाहीस.”

“मग ते कड्यांचं काय बोललीस पोरीपाशी?”

अक्काने ताटातला एक खडा वेचला, बाजूला ठेवला. “मागल्या वर्षी तो बिल्डर आला होता बघ. घर पाडून फ्लॅट करायचे म्हणून. तुम्ही सगळे नकाशा पसरून बसला होता. ही खोली याची, ही त्याची, पाहुण्यांची एक. सूनबाईनं विचारलं, आत्यांचं काय? तू म्हणालास, अक्काची काय, कुठंही सोय होईल.” ती थांबली. “मी आत चहा गाळत होते. खोटं नाही बोललास. माझी सोय कुठंही होते. पण मग माझ्या मनात आलं, स्लॅबला हा झोपाळा कुठं टांगणार?”

आम्हांला ते वाक्य आठवत नव्हते. आजही आठवत नाही. परंतु ते आमचेच होते यात शंका नाही; आमची बोलण्याची ढब आम्हांस ओळखता येते. पन्नास-साठ वर्षे जो माणूस आपल्या डोळ्यांसमोर झोके घेतो आहे त्याला आपण पाहतो असे आपण समजतो. आम्ही कुरकुर ऐकत होतो, पाहत नव्हतो. तेवीस वर्षांच्या पोरीने महिनाभर समोर बसून पाहिले.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. आम्ही वकिलाकडे गेलो. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा नोंदलेला कागद आता सहज पुसता येत नाही असे त्यांनी सांगितले. अर्धे घर बक्षीसपत्राने अक्काच्या नावे करता येईल, त्याला मुद्रांकाचा खर्च येईल. मुलगा प्रथम गप्प बसला. मग म्हणाला, “बाबा, आत्यानंतर ते पुन्हा आपल्याकडंच येणार ना?” आम्ही म्हणालो, “ते अक्का ठरवील.” हे वाक्य बोलताना आमचा आवाज थोडा कापला हे कबूल केले पाहिजे. इतक्या वर्षांत त्या घराविषयी अक्का काही ठरवील असे वाक्य आमच्या तोंडून प्रथमच निघत होते.

निबंधकाच्या कचेरीत अक्का नातीचा हात धरून आली. कागद पुढे आला. कारकुनाने सहीच्या जागी बोट ठेवले. अक्काने चष्मा सावरला आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, “या वेळी वाचून दाखव.”

आम्ही वाचला. गुजरातीतला तो कागद, पहिल्या ओळीपासून चतुःसीमेपर्यंत, सर्व पाने. मागे रांग खोळंबली होती. कोणी काही बोलले नाही. वाचून झाल्यावर तिने आपले नाव मराठीत, बाळबोध वळणात, सावकाश लिहिले.

हिवाळ्यात विद्याशाखेत नातीच्या वर्गाचे प्रदर्शन भरले. अक्काचे चित्र समोरच्या भिंतीवर होते. आमची भीती होती तसे कोणी काही म्हणाले नाही. पुष्कळ बायका मात्र त्याच्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. एका गुजराती वृद्धेने आपल्या सुनेला कड्या दाखविल्या आणि दोघी काही न बोलता पुढे गेल्या. आम्ही बाजूला खुर्ची टाकून बसलो होतो. ही कोण, असे कोणी विचारले की आम्ही सांगत असू, “आमची थोरली बहीण. घराची अर्धी मालकीण.” दुसरे वाक्य कोणी विचारलेले नसे, तरी आम्ही सांगत असू.

चित्र घरी आल्यावर आम्ही नातीला हळूच म्हटले, “आता परिस्थिती बदलली आहे. तेवढी वर एक तुळई काढून टाकशील का?”

ती म्हणाली, “आजोबा, ते त्या दिवसाचं चित्र आहे. त्या दिवशी तुळई नव्हती. हवं तर मी नवीन काढीन.”

अक्का झोपाळ्यावरून ऐकत होती. तिने पायाने जमिनीला रेटा दिला. वर तुळईत कड्या कुरकुरल्या.

“राहू दे रे,” ती म्हणाली. “आहे ते छान आहे. तिथनं सगळं गाव दिसतं.” आणि थोड्या वेळाने, “त्या कड्यांना जरा तेल घाल तेवढं. फार आवाज करतात.”